सॅम्युअल प्लिमसॉल यांचं बंदरकाठचं स्मारक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि इंग्लंडला फिरायला जाणारी मराठी मंडळी प्लिमसॉल यांच्याबद्दल आणि जहाजात माल किती भरायचा याची हद्द दाखवणाऱ्या, त्यांच्या नावाच्या रेघेबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्नांना चार ओळी पुरल्या, काहींना बरीच जागा द्यावी लागली.

हे प्लिमसॉल कोण? जहाजाचे कप्तान होते का?

नाही. ते खलाशी नव्हते, जहाजबांधणीतले तज्ज्ञही नव्हते. जन्म १० फेब्रुवारी १८२४, ब्रिस्टल. लहानपणी कुटुंब आधी पेनरिथला आणि मग शेफिल्डला गेलं. शेफिल्डला ते एका दारूभट्टीत कारकून म्हणून लागले आणि पुढे तिथेच व्यवस्थापक झाले. १८५३ च्या सुमारास लंडनला जाऊन कोळशाचा व्यापार सुरू केला, तो बुडाला. हातात काही उरलं नाही तेव्हा त्यांना आठवड्याला सात-आठ शिलिंगांत भागवत गरिबांच्या सामायिक निवाऱ्यात राहावं लागलं. तिथे भेटलेल्या माणसांबद्दल ते पुढे आयुष्यभर आदराने बोलत राहिले. नंतर कोळशाच्याच धंद्यात त्यांना पैसा मिळाला. १८६८ मध्ये ते डर्बी मतदारसंघातून लिबरल पक्षाचे खासदार झाले.

डर्बी हे समुद्रापासून दूरचं गाव आहे. तिथल्या मतदारांना जहाजांशी फारसं देणंघेणं नव्हतं. तरीही त्यांच्या खासदाराने खलाशांचा प्रश्न हाती घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

स्मारक नक्की कुठे आहे? कोणी ब्रिस्टल म्हणतं, कोणी लंडन.

दोन्ही बरोबर. ब्रिस्टलला हार्बरच्या उत्तर काठावर, हॉटवेल रोडलगत कॅप्रिकॉर्न की नावाच्या धक्क्यावर त्यांचा अर्धपुतळा आहे. पलीकडच्या काठावर कोरड्या गोदीत १८४३ मध्ये पाण्यात उतरवलेलं ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज जपून ठेवलं आहे. एका फेरीत दोन्ही बघून होतं.

लंडनचं स्मारक थेम्सकाठच्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर, व्हाइटहॉल गार्डन्ससमोर आहे. ते १९२९ चं आहे आणि त्याचे शिल्पकार फर्डिनांड ब्लंडस्टोन.

पुतळ्याखेरीज ब्रिस्टलमध्ये त्यांच्या नावाचा पूलही आहे. कंबरलँड बेसिनच्या तोंडावरच्या जलपाशावरून (पाण्याची पातळी राखणाऱ्या दारांच्या कालव्यावरून) जाणारा हा रस्त्याचा पूल १९६५ मध्ये खुला झाला. मोठं जहाज आलं की तो आडवा फिरून वाट देतो.

ब्रिस्टलशी त्यांचा संबंध फक्त जन्मापुरताच होता ना?

जवळजवळ तसंच. सेंट मेरी रेडक्लिफ या चर्चच्या पाठीमागे कोल्स्टन परेड नावाचा लहानसा रस्ता आहे, तिथल्या घरात ते जन्मले. कर्मभूमी म्हणायची तर शेफिल्ड, डर्बी आणि लंडन. पण त्यांचं स्मारक बंदरात हवं आणि जन्मगावी बंदर आहे, तेव्हा जागेची निवड मला योग्यच वाटते. शिवाय ब्रिस्टलच्या बंदराला भरती-ओहोटीचं दुखणं जुनं. एव्हन नदीत पाणी बारा-तेरा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. १८०९ मध्ये जलपाश घालून हार्बरमधलं पाणी कायम एका पातळीवर ठेवायची सोय झाली. त्याआधी ओहोटीला जहाजं चिखलात टेकायची, आणि बांधणी कच्ची किंवा माल नीट न रचलेला असेल तर ते तिथेच उघडं पडायचं.

लंडनच्या स्मारकाचा खर्च सरकारने केला का?

नाही, खलाशांच्या संघटनेने केला. नॅशनल युनियन ऑफ सीमेन या संघटनेच्या सभासदांनी ते उभारलं. सर्व राष्ट्रांतल्या दर्यावर्दी माणसांची प्लिमसॉल यांनी जी सेवा केली तिची कृतज्ञ आठवण, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरला आहे. वर प्लिमसॉल यांचा काशाचा अर्धपुतळा आहे आणि दोन बाजूंना एक खलाशी आणि एक न्यायदेवता.

व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर सेनापती, मुत्सद्दी, अभियंते असे बरेच पुतळे आहेत. ज्यांच्यासाठी लढले त्याच कष्टकऱ्यांच्या वर्गणीतून उभा राहिलेला पुतळा त्या रांगेत विरळा. प्लिमसॉल यांच्या मृत्यूला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. १९२९ च्या खलाशांनी त्यांना पाहिलेलं असण्याची शक्यता कमीच. त्यांनी पाहिलेली होती ती त्यांची रेघ.

त्या काळी जहाजं इतकी का बुडायची? मालकाचंही नुकसान व्हायचंच की.

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. मालकाचं नुकसान होईलच असं नव्हतं. जहाजाचा विमा त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त रकमेचा उतरवता येत असे. जुनं, कुजक्या फळ्यांचं जहाज स्वस्तात घ्यायचं, रंगरंगोटी करून नाव बदलायचं, काठोकाठ भरायचं आणि हिवाळ्यात समुद्रात सोडायचं. पोचलं तर भाड्याचा नफा, बुडालं तर विम्याची रक्कम. विमा एकाच माणसाने न देता अनेकांनी थोडाथोडा वाटून घेतलेला असे, त्यामुळे कोणा एकाला चौकशी आणि कोर्टकचेरी करण्याइतकी झळ लागत नसे. अशा जहाजांना खलाशी ‘शवपेटी जहाजं’ म्हणत.

सगळे मालक असे नव्हते, हे प्लिमसॉल स्वतःच सांगत. बहुतेक मालक नेकीने धंदा करत. पण माल वाहण्याचा दर बाजार ठरवतो, आणि शेजारच्या धक्क्यावरचा माणूस शंभर टन जास्त भरून स्वस्तात नेत असेल तर नेकीने वागणारा धंद्यातून उठतो. म्हणून सगळ्यांना बांधील असा कायदा हवा, असा त्यांचा आग्रह होता. हा युक्तिवाद मला त्यांच्या भावनिक भाषणांपेक्षाही भक्कम वाटतो.

१८६६ च्या जानेवारीत ‘लंडन’ नावाची आगबोट मेलबर्नला जाताना बिस्केच्या उपसागरात बुडाली. दोनशेहून जास्त माणसं गेली. ती वाजवीपेक्षा जास्त भरली होती असा बोलबाला झाला आणि लोकांचं लक्ष या विषयाकडे गेलं.

मग खलाशी अशा जहाजावर चढायचेच कशाला?

कारण सही केल्यावर नकार देणं गुन्हा होता. अनेकदा करारावर सही आधी व्हायची आणि जहाज नंतर दिसायचं. धक्क्यावर येऊन पाहावं तर डेक पाण्याला टेकलेला. तिथून मागे फिरणाऱ्या खलाशाला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत आणि तुरुंगात पाठवत. सगळाच्या सगळा ताफा तुरुंगात गेल्याचीही उदाहरणं आहेत. एकीकडे जहाज बुडवून विमा घेणारा मोकळा, दुसरीकडे बुडायला नकार देणारा कोठडीत, अशी त्या वेळच्या कायद्याची तऱ्हा होती. १८७३ च्या सुरुवातीला आलेल्या आपल्या पुस्तकात प्लिमसॉल यांनी हे सगळं मांडलं. ते पुस्तक घरोघरी वाचलं गेलं आणि त्याच वर्षी सरकारला शाही आयोग नेमावा लागला.

जहाजावरची रेघ ही कल्पना मुळात त्यांचीच का?

नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. मध्ययुगात व्हेनिसमध्ये जहाजाच्या बाजूवर भाराची खूण असे, असं सांगतात. लॉइड्स रजिस्टर या नोंदणी संस्थेने १८३५ च्या सुमारास एक सोपं सूत्र दिलं होतं: मालाच्या खणाच्या दर एक फूट खोलीमागे पाण्याच्या वर तीन इंच बाजू कोरडी राहावी. या कोरड्या उंचीला फ्रीबोर्ड म्हणतात. पण ती शिफारस होती, सक्ती नव्हती. टाइन नदीकाठचे जेम्स हॉल हे स्वतः जहाजमालक होते, आणि सक्तीच्या लोडलाइनसाठी, म्हणजे या भाराच्या रेघेसाठी, त्यांनी प्लिमसॉल यांच्याआधी आवाज उठवला होता. त्यांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

प्लिमसॉल यांचं काम वेगळं. तज्ज्ञांच्या बैठकीत अडकलेला विषय त्यांनी चव्हाट्यावर आणला. त्यांच्या पत्नी एलायझा यांनीही या मोहिमेत त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं.

संसदेत त्यांनी मूठ उगारली, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. तारीख २२ जुलै १८७५. पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांविषयीचं विधेयक त्या अधिवेशनापुरतं सोडून देत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आणखी एक हिवाळा तसाच जाणार. प्लिमसॉल यांचा तोल सुटला. सभागृहाच्या मधोमध येऊन ते ओरडले, माणसांना मरणाच्या दारी धाडणाऱ्यांचा बुरखा फाडीन म्हणाले आणि सभागृहातल्याच जहाजमालकांना त्यांनी खलनायक ठरवलं. शब्द मागे घ्यायला सांगितल्यावर त्यांनी नकार दिला. त्यांना बाहेर जावं लागलं. आठवड्याभराने त्यांनी सभागृहाची माफी मागितली.

पण तोवर देशभर सभा भरू लागल्या होत्या. विधेयक बासनात बांधणाऱ्या सरकारने घाईघाईने तात्पुरता कायदा केला आणि धोकादायक जहाज धक्क्यावरच अडवून ठेवायचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, कायमचा कायदा आला. शाही आयोगाने सक्तीच्या लोडलाइनची शिफारस केलेली नव्हती. ती लोकांच्या रेट्याने आली.

काही ठिकाणी रेघेचं वर्ष १८७६ दिलेलं असतं, काही ठिकाणी १८९०. बरोबर कुठलं?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण प्लिमसॉल यांच्या कामाचं मर्म इथे आहे.

१८७६ च्या कायद्याने रेघ सक्तीची केली. जहाजाच्या दोन्ही बाजूंवर मध्यभागी १२ इंच व्यासाचं वर्तुळ आणि त्याच्या मध्यातून जाणारी १८ इंच लांबीची आडवी रेघ रंगवायची. पण ही रेघ किती उंचीवर रंगवायची, ते ठरवायचं मालकाने! जो माणूस जहाज जास्त भरून पैसे मिळवतो, त्याच्याच हातात मोजपट्टी दिली गेली. नेक मालकांनी रेघ योग्य जागी काढली. इतरांनी ती डेकच्या इतकी जवळ काढली की तिचा उपयोग शून्य. एका कप्तानाने ती थेट धुराड्यावर रंगवली, अशी गोष्ट खलाशांमध्ये अजून सांगतात.

तब्बल चौदा वर्षं असंच चाललं. कागदावर कायदा होता, जहाजावर रंग होता, लोकांना वाटत होतं की काम झालं. प्लिमसॉल यांना ते कधीच पुरेसं वाटलं नाही. दरम्यान लॉइड्स रजिस्टरचे मुख्य सर्वेक्षक बेंजामिन मार्टेल आणि त्यांचे सहकारी मोजमापाचं काम करत होते. जहाजाची लांबी, खोली, आकार, बांधणी यांवरून किती फ्रीबोर्ड हवा याचे तक्ते त्यांनी १८८२ मध्ये तयार केले. ‘प्रत्येक जहाज वेगळं, मग एकच नियम कसा लावणार?’ हा मालकांचा जुना आक्षेप त्या तक्त्यांनी निकालात काढला. मग १८९० च्या कायद्याने रेघेची जागा मालकाच्या हातातून काढून घेतली आणि सरकारमान्य तक्त्यांवर सोपवली.

म्हणून मला विचाराल तर रंग १८७६ चा, पण रेघ १८९० ची. सुरक्षेचा नियम कोणी करायचा यापेक्षा त्यातला आकडा कोणी भरायचा, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो. आजही बांधकाम, कारखाने, खाणी, कुठेही सुरक्षेचा नियम वाचताना मी आधी तेच शोधतो.

ही लढाई १८९० लाही संपली नाही. १९०६ मध्ये ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही रेघ लागू झाली, ही चांगली गोष्ट. पण त्याच सुमारास तक्ते बदलून ब्रिटिश जहाजांना आधीपेक्षा खोल भरायची मुभा मिळाली, आणि खलाशांच्या संघटनांनी त्याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. पुढे १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९६६ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. १९६६ चा करार १९६८ पासून अमलात आहे, आणि जगातली जवळजवळ सगळी मालवाहू जहाजं त्याखाली येतात. आजच्या वर्तुळाचा व्यास ३०० मिलिमीटर आणि रेघेची लांबी ४५० मिलिमीटर असते. इंचांत मोजलंत तर जवळजवळ १८७६ चेच आकडे मिळतील.

वर्तुळाशेजारी शिडीसारख्या आणखी रेघा असतात. त्या कशा वाचायच्या?

वर्तुळातून जाणारी रेघ म्हणजे खाऱ्या पाण्यातली उन्हाळी मर्यादा. शेजारच्या उभ्या पट्टीला जोडलेल्या आडव्या रेघांवर इंग्रजी अक्षरं असतात. एस म्हणजे उन्हाळी, ती वर्तुळाच्या रेघेच्याच पातळीवर. तिच्याखाली डब्ल्यू म्हणजे हिवाळी. सगळ्यात खाली डब्ल्यूएनए, म्हणजे उत्तर अटलांटिकमधला हिवाळा, ही १०० मीटरपर्यंतच्या लहान जहाजांसाठी. वर टी म्हणजे उष्ण कटिबंध, एफ म्हणजे गोडं पाणी आणि सगळ्यात वर टीएफ, उष्ण कटिबंधातलं गोडं पाणी. समुद्र जितका खवळणारा, तितकी रेघ खाली, म्हणजे माल कमी.

वर्तुळाच्या दोन बाजूंची अक्षरं, उदाहरणार्थ एल आणि आर, ही रेघ ठरवून देणाऱ्या संस्थेची. एल आणि आर म्हणजे लॉइड्स रजिस्टर. आपल्याकडे हे काम इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग करते, तिचं मुख्यालय मुंबईत पवईला आहे.

या रेघांमधलं अंतर किरकोळ वाटतं, पण हिशोब करून पाहा. उन्हाळी रेघेपर्यंत जहाज पाण्यात जितकं खोल बसतं, त्याच्या ४८ व्या भागाइतकं अंतर उन्हाळी आणि उष्ण कटिबंधीय रेघेत असतं. १२ मीटर खोल बसणाऱ्या जहाजाला ते २५ सेंटिमीटर झालं. त्या आकाराचं बल्क कॅरिअर (सुटा माल वाहणारं जहाज) एक सेंटिमीटर खाली जायला साधारण ६०-७० टन माल लागतो. म्हणजे एका वितीएवढ्या अंतरात दीड हजार टनांहून जास्त माल आणि त्याचं भाडं. रेघेवरून इतकी भांडणं का झाली ते यावरून कळेल.

आपल्या अरबी समुद्राला कुठली रेघ लागते?

वर्षातले नऊ महिने उष्ण कटिबंधाची, आणि १ जून ते ३१ ऑगस्ट उन्हाळी. म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने मुंबई, जयगड किंवा मुरगाव बंदरातून निघणाऱ्या जहाजाला माल कमी भरावा लागतो. नाव ‘उन्हाळी’ असलं तरी आपल्याकडे ती रेघ पावसाळ्याची आहे, हे लक्षात ठेवा. परीक्षेत मुलं हमखास इथे गोंधळतात. बंगालच्या उपसागराचं वेळापत्रक वेगळं आहे, कारण तिथली वादळं वेगळ्या महिन्यांत येतात. तिथे उन्हाळी रेघ १ मेपासून ३० नोव्हेंबरपर्यंत.

आपल्या कोळीवाड्यांत पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा समुद्रात जातात. आंतरराष्ट्रीय कराराने अरबी समुद्रासाठी निवडलेल्या तारखा याच ऋतूच्या आहेत. कोकण किनाऱ्याला जी गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती, ती मोठ्या जहाजांच्या बाजूवर उमटली, याचा मला मनापासून आनंद होतो.

गोड्या पाण्यात जास्त खोल जायची परवानगी का?

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. त्यामुळे नदीत किंवा खाडीच्या मचूळ पाण्यात तेच जहाज जरा जास्त खाली बसतं आणि समुद्रात आल्यावर आपोआप वर उचललं जातं. कोलकात्यासारख्या नदीवरच्या बंदरात याचा हिशोब रोजचा. पाण्याची घनता मोजून मगच सवलत घ्यायची असते, अंदाजाने नाही.

रेघ पाण्याच्या वर असली की जहाज सुरक्षित, असं म्हणता येईल का?

नाही. रेघ एकूण भार सांगते. तो भार कुठे ठेवला आहे, बांधला आहे की नाही, जहाजाचा तोल कसा आहे, हे ती सांगत नाही.

दक्षिण कोरियाच्या ‘सेवोल’ फेरीचं उदाहरण प्रत्येक डेक कॅडेटने अभ्यासावं. १६ एप्रिल २०१४ ला ती इंचिऑनहून जेजू बेटाकडे जाताना कलंडली. ३०४ जीव गेले आणि त्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती. तिच्यावर परवानगीच्या दुपटीहून जास्त माल चढवला होता, आणि तळाशी राहून जहाज सरळ ठेवणारं बॅलास्टचं पाणी कमी केलं होतं. वरचं वजन वाढवायचं, तळाचं उतरवायचं, म्हणजे जहाज रेघेपर्यंतच बसलेलं दिसतं! प्लिमसॉल यांच्या रेघेला फसवण्याची याहून क्रूर रीत मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण ‘डर्बीशायर’ या ब्रिटिश बल्क कॅरिअरचं. सप्टेंबर १९८० मध्ये जपानजवळ चक्रीवादळात ते ४४ जणांसह नाहीसं झालं. मृतांच्या कुटुंबीयांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून समुद्रतळावर अवशेष शोधले गेले आणि चौकशी पुन्हा झाली. पुढच्या भागात पाणी शिरून जहाजाची नाळ (पुढचं टोक) खाली गेली, लाटा थेट पुढच्या खणांच्या झाकणांवर आदळल्या आणि झाकणं फुटली, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर लोडलाइनच्या करारात झाकणांच्या मजबुतीचे नियम कडक झाले आणि ते २००५ पासून लागू आहेत. प्लिमसॉल ज्या परगण्यातून निवडून आले, त्याचंच नाव त्या जहाजाला होतं.

आपल्या मासेमारी होड्यांवर ही रेघ का दिसत नाही?

१९६६ च्या करारातून मासेमारी नौका, युद्धनौका, हौशी नौका आणि २४ मीटरपेक्षा कमी लांबीची नवी जहाजं वगळली आहेत. लाँच आणि फेरीबोटींना देशांतर्गत नियम लागतात. तिथे मुख्य मर्यादा उतारूंच्या संख्येची, आणि ती बोटीवर लिहिलेली असते.

इथे ‘रामदास’ची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मुसळधार पाऊस, उसळलेला समुद्र आणि घाबरून एका बाजूला धावलेले उतारू. माणसं हा असा भार आहे की तो जागा बदलतो. मांडव्याला किंवा घारापुरीला जाताना लाँचवर लिहिलेला आकडा वाचा, जॅकेट कुठे आहेत ते पाहून ठेवा, आणि गर्दी जास्त वाटली तर पुढच्या लाँचने जा.

भारतीय खलाशांना प्लिमसॉल यांच्या कामाचा उपयोग झाला का?

झाला. ब्रिटिश जहाजांवर हिंदी खलाशी फार मोठ्या संख्येने होते. इंग्रज त्यांना लस्कर म्हणत. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर, गोव्याचे लोक स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये (उतारूंच्या जेवणाच्या दालनात), अशी मोठ्या कंपन्यांची ठरलेली भरती असे. रेघ जहाजाला होती, त्यामुळे तिच्या आसऱ्याला गोरा-काळा भेद नव्हता.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. लंडनच्या स्मारकावर ‘सर्व राष्ट्रांतल्या’ खलाशांचा उल्लेख आहे, आणि ते उभारणाऱ्या संघटनेने मात्र त्याच काळात आशियाई खलाशांना ब्रिटिश जहाजांवर नोकऱ्या मिळू नयेत म्हणून मोहिमा चालवल्या. लस्करांचा करार वेगळा होता, पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी कमी आणि राहायची जागाही तोकडी. म्हणून मराठी माणसाने ती ओळ वाचताना रत्नागिरीचा सारंग (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आणि गोव्याचा बबर्जी (स्वयंपाकी) आठवावा. शिलालेखात त्यांचीही जागा आहे, ती उभारणाऱ्यांच्या मनात असो वा नसो.

प्लिमसॉल यांच्यावर टीका झाली का?

पुष्कळ, आणि काही रास्तही. रागाच्या भरात ते तपशिलात चुकत. पुस्तकातल्या आरोपांवरून त्यांच्यावर बदनामीचे खटले झाले आणि त्यांचा पैसा व वेळ गेला. सहकाऱ्यांना बरोबर घेऊन चालणं त्यांना नेहमी जमलं असंही नाही. १८८० मध्ये त्यांनी डर्बीची जागा त्यांच्याच पक्षाचे नेते विल्यम हारकोर्ट यांच्यासाठी सोडली आणि पुन्हा संसदेत गेले नाहीत. मात्र काम थांबवलं नाही. खलाशांच्या संघटनेचं अध्यक्षपद स्वीकारलं, आणि गुरं वाहणाऱ्या जहाजांवर जनावरांचे जे हाल होत त्याविरुद्ध १८९० मध्ये नवी मोहीम उघडली. ३ जून १८९८ ला फोकस्टनला त्यांचं निधन झालं. तिथेच चेरिटनच्या सेंट मार्टिन चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे.

माझं मत विचाराल तर त्यांच्या चुका मोठ्या होत्या, पण शांत आणि अचूक माणसांनी त्या प्रश्नावर कित्येक वर्षं नुसते अहवाल लिहिले होते, हेही खरं.

भेट द्यायची तर कसं जायचं?

लंडनला एम्बँकमेंट स्टेशनला उतरून नदी डाव्या हाताला ठेवत वेस्टमिन्स्टरकडे चालत निघा. काही मिनिटांत स्मारक लागेल. तिकीट नाही. वेळ असेल तर तसंच पुढे लँबेथ पूल ओलांडून अल्बर्ट एम्बँकमेंटवर जा. तिथे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं मुख्यालय आहे, आजचा लोडलाइन करार तिच्याच देखरेखीखाली येतो. इमारतीच्या दर्शनी भागावर जहाजाची भव्य नाळ आणि तिच्यावर उभा असलेला एकटा खलाशी, असं काशाचं शिल्प आहे.

ब्रिस्टलला टेंपल मीड्स स्टेशनहून आधी सेंट मेरी रेडक्लिफ चर्च आणि कोल्स्टन परेड करा, मग हार्बरच्या काठाने पश्चिमेला चाला. पाय थकले तर हार्बरमध्ये फेरीबोटी आहेत.

मुंबईतून इतक्यात इंग्लंडला जाणं होणार नसेल, तर मस्जिद बंदरचं इंडियन सेलर्स होम बघा. पहिल्या महायुद्धात समुद्रातच गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांचं स्मारक तिथे आहे. नावं वाचायला सवड काढून जा.